ज्याचा सल्ला, त्याच्या घरी

सल्ला द्यायला आलेल्या माणसाला ती आधी घराचा पत्ता विचारायची.

बसा म्हणायच्या आधी, चहा सांगायच्या आधी, पत्ता. माणूस सांगायचा, कूलर असा नको, तसा करा. ती कानामागची पेन्सिल काढायची आणि म्हणायची, राहता कुठं? खिडकी कोणत्या बाजूला? छत स्लॅबचं का टिनाचं? माणसाला वाटायचं, ही आपल्याला गिऱ्हाईक करून राहिली. तसं नव्हतं. तो म्हणाला तसा एक कूलर ती खरंच बनवायची आणि त्याच्या घरच्या खिडकीत नेऊन बसवायची. फुकट. अट एकच, पूर्ण उन्हाळा त्याच कूलरसमोर झोपायचं. दिवाळी झाली की ती परत त्याच्या दारात. कूलरच्या आतल्या अंगाला तिनं कागदी चिकटपट्टी लावलेली असायची. पट्टीवर त्याचं नाव आणि त्याचा सल्ला, त्याच्याच शब्दांत. ती पट्टी त्याला वाचून दाखवायची आणि विचारायची, अजून तोच सल्ला आहे का?

हो म्हणाला तर पट्टीवर बरोबरची खूण आणि पुढच्या वर्षीपासून सगळे कूलर तसे. नाही म्हणाला तर कूलर उचलून परत. त्यावर हसणं नाही, टोमणा नाही.

ज्याचा सल्ला, त्याच्या घरी. एवढाच तिचा कायदा होता.

आता तिच्याकडे नवीन धंदा काढणारी पोरं येतात. पाठीवर लॅपटॉपची पिशवी. त्यांना विचारायचं असतं, पैसा लावणारा एक सांगतो, मास्तर दुसरं सांगतो, घरचे तिसरं सांगतात, ऐकायचं कोणाचं? ती त्यांना हा कायदा सांगते. पण तो कायदा एकदा मोडला होता आणि त्यात माझाही हात होता, हे ती कोणाला सांगत नाही. माझी लाज राखते. मला आता लाज राखून कोणाला दाखवायची आहे? घरात मी एकटा. म्हणून मीच सांगतो.

मी पत्र्याचं काम करणारा माणूस. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात कातर आली, ती म्हातारा होईपर्यंत सुटली नाही. टिनाच्या पेट्या केल्या, धान्याच्या कोठ्या केल्या, मग कूलर आले तर कूलर केले. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात रोजीवर होतो. एवढीशी पोरगी, अंगात बापाचा फुल बाह्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. इंजिनेर झालेली होती. कागदावर चित्र काढून आणलं होतं. मी म्हटलं, असा कूलर होत नाही. तिनं मलाही पत्ता विचारला. मी सांगितला नाही. माझं घर दोन खोल्यांचं, वर टिन. तिथं इंजिनेर बाई येणार, हे मला नको होतं.

तिचा बाप कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होता. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, आणि नागपूरचा मे महिना दिवसा कोणाला झोपू देत नाही. घरात कूलर होता, पण तो असा खडखडायचा की बाप म्हणायचा, खाणीतली मशीन बरी. ती लहानपणी बापाच्या उशाशी बसून ओला पंचा हलवायची. म्हणून तिला असा कूलर करायचा होता ज्याच्यासमोर रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपेल. कंपनी काढली ती एवढ्यासाठी. बाकी लोक कंपनीचं दुसरंच काही सांगतात. मी पहिल्या दिवसापासून होतो, मला माहीत आहे.

कामठी रोडला एक शेड घेतलं. आम्ही आठ माणसं. मालाची परीक्षा घ्यायची तिची पद्धत पाहून पहिल्या वर्षी आम्ही तोंडात बोटं घातली. कूलर तयार झाला की तो चालू करायचा, समोर सतरंजी टाकायची आणि त्यावर ती झोपायची. भर दुपारी, टिनाच्या शेडमध्ये, ठोकाठोकी चालू असताना. डोळ्यावर ओला रुमाल. झोप लागली तर कूलर बाहेर जायचा, नाही लागली तर परत आमच्याकडे. पोट्टे म्हणायचे, मालकीण झोपली, माल पास. कोणी गिऱ्हाईक आलं आणि विचारलं मॅडम कुठं आहेत, तर आम्ही ओठावर बोट ठेवून सतरंजी दाखवायचो. खुर्चीवर बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. एक तर उभी, नाही तर झोपलेली.

सल्ल्यांचे कूलर गावभर होते. तिच्या मामाचं सीताबर्डीला कापडाचं दुकान. मामा म्हणाले, लोकांना हवा पाहिजे, हवा, मोठी मोटर टाक. टाकली मोठी मोटर, बसवला मामांच्या घरी. दिवाळीनंतर मी तिच्यासोबत गेलो होतो. मामा बोलायच्या आधी मामीच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, देवापुढचा दिवा दोन महिने लागला नाही या घरात. तिनं पट्टी वाचली, विचारलं, मामा, अजून तोच सल्ला? मामा भिंतीकडे बघत राहिले. आम्ही कूलर उचलला.

पण ती कोणाचंच ऐकत नव्हती असं समजू नका. तिच्या कॉलेजचे एक मास्तर होते. ते म्हणाले, हवेत ओल वाढली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे, नाही तर पावसाळ्याच्या तोंडावर अंग चिकचिक करतं. मला ते थोतांड वाटलं. मास्तरांनी दोन उन्हाळे त्या कूलरसमोर काढले, दोन्ही वेळा म्हणाले तोच सल्ला. आज तिच्या प्रत्येक कूलरमध्ये तो पुर्जा आहे. माणूस शिकलेला आहे का अडाणी, पैसेवाला आहे का फाटका, हे ती बघतच नव्हती. सांगितलेलं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे का, एवढंच बघायची.

मग पुण्याचा साहेब आला.

साहेब म्हणजे कंपन्यांत पैसा लावणारा माणूस. वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. गोष्टीत असा माणूस आला की लोक त्याला लबाड समजून मोकळे होतात. जानेवारीत आला, शेडमध्ये फिरला, माझ्याजवळ उभा राहून मी पत्रा कापताना पाहत राहिला. मी रेघ न मारता कापतो, डोळ्यानं. त्यानं तिला तिथंच सांगितलं, हा माणूस उद्या आजारी पडला तर तुमची कंपनी आजारी पडेल, यांच्या हाताचं सगळं माप कागदावर उतरवून घ्या. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आपल्याला हाकलायची तयारी आहे. तिनं साहेबाला विचारलं, हे तुम्ही भोगलेलं आहे का? तो म्हणाला, हो. त्याचा आधी एक कारखाना होता, एकच कारागीर होता आणि तो कारागीर एका सकाळी आला नाही, नंतर कधीच आला नाही. तिनं त्या सल्ल्याला कूलर लावायला सांगितलं नाही. म्हणाली, ह्यांचा उन्हाळा काढून झाला आहे. दुसऱ्या दिवशीपासून माझ्याकडून जाड पुठ्ठ्याचे नमुने कापून घेतले, प्रत्येक भागाचा एक. मी आठ दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

साहेबाचा दुसरा सल्ला कूलरच्या रूपाचा होता. म्हणाला, लोक आता मोबाईलवर फोटो पाहून विकत घेतात. तुमचा कूलर फोटोत पेटीसारखा दिसतो. उंच करा, बारीक करा, पाणी भरायचं तोंड मागे वर घ्या, समोरून काही दिसू नये. पैसा देतो, पण माल याच उन्हाळ्यात बाजारात पाहिजे.

तिनं पत्ता विचारला. साहेब हसला. म्हणाला, माझ्या घरात सगळ्या खोल्यांना एसी आहे, माझ्या आईकडे लावा, ती अकोल्याला असते, तिथं ऊन तुमच्यापेक्षा कमी नाही. तसा उंच कूलर बनला आणि होळीच्या आधी अकोल्याला गेला. पट्टीवर साहेबाचं नाव.

इथपर्यंत कायद्यानं झालं. पण कायदा होता उन्हाळा काढायचा, आणि साहेबाला माल हवा होता उन्हाळ्याच्या आधी. शेडचं भाडं होतं, आठ घरं होती. तिनं आम्हाला सगळ्यांना उभं केलं, मोबाईलवर उंच कूलरचा फोटो दाखवला आणि विचारलं, "कोणाले काही म्हणायचं आहे का? आत्ताच सांगा. नंतर सांगान तर उपयोग नाही."

कोणी बोललं नाही. मीही नाही.

आता ऐका. तो फोटो आदल्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर आला होता. मी घरी बायकोला दाखवला होता, कौतुकानं, की बघ आता आपण काय बनवणार. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात दूर धरून तिनं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, पाणी टाकायचं तोंड एवढं वर काहून? मी म्हटलं, दिसायला चांगलं. ती म्हणाली, दिसायला चांगलं ठीक आहे, पण भरलेली बालदी खांद्याच्या वर कोण नेईल? मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं. तिनं पुन्हा भाकरीवर हात ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब तिच्याकडेच असेल.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये विचारलं तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं काय? माझी बायको असं म्हणते? सात माणसं हसली असती. आणि बोललो तर कायद्यानं तो कूलर माझ्याच घरी लागणार, मॅडम घरी येणार, टिनाचं छत पाहणार. मी कातर उचलली आणि कामाला लागलो.

उंच कूलर धडाधड विकले गेले. फोटोत छानच दिसायचे. मॅडम एकटी खूष नव्हती. उंच कूलरसमोर तिला झोप लागायची, पण उठल्यावर त्याच्याभोवती फिरत राहायची, हात लावायची, काहीतरी चुकतं आहे आणि सापडत नाही अशी.

वैशाखात तक्रारी सुरू झाल्या. गरम हवा येते. पंप जळला. आम्ही घरोघरी जाऊन पाहिलं, यंत्रात खोट नव्हती. कूलर कोरडे चालत होते. टाकीत पाणीच नसायचं. घरचा माणूस म्हणायचा, भरतो की आम्ही. ती विचारायची, तुम्ही भरता? तो म्हणायचा, म्हणजे घरात भरतात.

तेच उत्तर पुन्हा ऐकलं, त्या दिवशी दुपारी ती टेम्पोत एक उंच कूलर टाकून सरळ माझ्या घरी आली. पत्ता दुसऱ्या पोट्ट्याकडून घेतला होता. मी शेडमधून तिच्यासोबतच होतो, टेम्पो आमच्या गल्लीत वळला तेव्हा मला कळलं. बायकोनं पाणी दिलं, गूळ दिला. मॅडम उभ्यानंच प्यायली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या घरी कूलरमंधे पाणी कोण भरते?"

बायको हसली. "मंग कोण भरंल वं पोरी? हे?"

"हा भरून दाखवता?"

बायकोनं बालदी भरली. कमरेपर्यंत उचलली. तिथून छातीपर्यंत नेली, कमरेवर टेकवली, पुन्हा उचलली. अर्धं पाणी पातळावर सांडलं. मग बालदी खाली ठेवली आणि सहज म्हणाली, "हे त मी ह्यायले फोटो पाहून त्याच दिवशी सांगतलं होतं."

मॅडमनं माझ्याकडं पाहिलं.

"काका, मी शेडमंधे इचारलं होतं."

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

मी म्हटलं, "बाईमाणसाचं बोलणं होतं ते. सल्ला थोडीच होता."

तिनं कूलरच्या वरच्या तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी कोण आहो, काका?"

बायकोनं बालदी उचलली आणि आत गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

शेडमध्ये परत आल्यावर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, कायदा माझा होता आणि मी थांबले नाही. माझं नाव घेतलं नाही. मग तिनं साहेबाला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. साहेब म्हणाला, घाबरू नका, उरलेला माल दुसऱ्या राज्यात पाठवून द्या, तिथं तक्रार करत कोणी इतक्या लांब येत नाही. तिनं विचारलं, "तुमच्या आईकडचा कूलर कसा आहे?" तो म्हणाला, उत्तम, आई रोज सांगते उत्तम. ती म्हणाली, आईलाच विचारू. साहेब फोनवर असतानाच तिनं अकोल्याला लावला.

म्हातारीचा आवाज आला. आधी तब्येत, पाणी, पाऊस. मग मॅडमनं विचारलं, आई, त्याच्यात पाणी कसं भरता?

"कसं म्हणजे, स्टुलावर चढते आणि तांब्यानं टाकते. वीस-पंचवीस तांबे लागतात."

"मुलाला सांगितलं नाही?"

"त्यानं एवढ्या हौसेनं पाठवला. वाईट कसं म्हणू?"

मग साहेब म्हणाला, "आई, तू आधी स्टुलावरून उतर." जशी काही ती त्या क्षणी स्टुलावरच उभी होती. आणि मग आम्हाला म्हणाला, सगळे परत बोलवा.

मी त्या माणसाला पुढे कधी लबाड म्हटलं नाही. आपल्या माणसानं आपल्याला खरं सांगितलं नाही, हे त्याच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला उलटं. मला माझ्या माणसानं खरं सांगितलं होतं.

विकलेले कूलर गोळा करून आणले. प्रत्येकाच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं वर, मी नवीन तोंड कापलं आणि वरचं झाकलं. किती खाली घ्यायचं, याचं माप मी नाही ठरवलं. मॅडम माझ्या बायकोला शेडमध्ये घेऊन आली. तिला बसायला खुर्ची दिली, शेडमधली एकुलती एक. तिच्या समोर एकेक कूलर यायचा, ती उठायची, बालदी उचलायची आणि पाणी टाकायची. न सांडता गेलं तर पास. पोट्टे नुसते पाहत उभे राहिले की म्हणायची, "हात लाव ना गा. माह्या नवरा होय का तू, उभा राहून पाहाले?" सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. ज्या हसण्याला मी भ्यालो होतो ते एवढंच होतं.

महिनाभर ती माझ्यासोबत डबा घेऊन कामाला आली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दुपारी एका जागी जेवलो. तिला माहीत नव्हतं मी जेवताना आधी कांदा फोडून सगळ्यांना वाटतो, मला माहीत नव्हतं ती घास घ्यायच्या आधी एक क्षण थांबते. घरी ती मला वाढून मागून जेवायची, मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिला नवीन कूलर आमच्या घरी लागला. कायदाच तसा होता. टिनाच्या छताखाली, एकुलत्या एका खिडकीत. आतल्या पट्टीवर मॅडमनं लिहिलं, काकू, आणि खाली तिचेच शब्द, भरलेली बालदी खांद्याच्या वर कोण नेईल. दिवाळीनंतर ती आली, पट्टी वाचली, विचारलं, काकू, अजून तोच सल्ला? बायकोला लिहिता येत नव्हतं. तिनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि पट्टीवर टेकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको अंथरुणाला लागली. पोटात गाठ होती. शेडला मी चार महिने गेलो नाही आणि शेड थांबलं नाही, माझ्या पुठ्ठ्याच्या नमुन्यांवर दुसरे पोट्टे पत्रा कापत होते. ज्या सल्ल्यावर मी आठ दिवस रुसलो होतो, त्यानंच मला तिच्याजवळ बसायला चार महिने दिले. ती कूलरसमोर पडून असायची. सुरुवातीला स्वतःच उठून पाणी टाकायची, मी टाकतो म्हटलं तर म्हणायची, तुमाले नाही जमत, सांडता. मग उठेनाशी झाली. पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली. दुपारची वेळ होती, कूलर चालू होता. मला वाटलं झोप लागली.

मॅडम तेरवीला आली आणि पंगतीत वाढत राहिली. त्या दिवाळीनंतरही दारापर्यंत आली. खिडकीकडे बघितलं, पेन्सिल कानामागेच राहू दिली आणि परत गेली.

त्यानंतर मी कामावर गेलो नाही. हा उन्हाळा मी एकट्यानं काढला. रोज सकाळी दोन बालद्या, दुपारी दोन. तोंड तिच्या मापाचं आहे आणि ती माझ्या खांद्याला लागायची. माझी कंबर आता पत्र्यासारखी झाली आहे, वाकली की आवाज करते. चार बोटं वर असतं तर मला कमी वाकावं लागलं असतं. कातर घरात आहे. एका दुपारी ती घेऊन मी खिडकीपाशी गेलोही होतो. मग बालदीच उचलली.

परवा मॅडम आली. केसांत थोडे पांढरे दिसायला लागले आहेत, शर्ट बापाचाच. या वेळी पेन्सिल हातात होती. कूलरची बाजू उघडून तिनं पट्टी वाचली, मोठ्यानं, पूर्ण. मग जरा अडखळली.

"काका, सल्ला काकूचा. उन्हाळा तुमी काढला. आता इचारू कोणाले?"

मी म्हटलं, "मले इचार."

"अजून तोच सल्ला आहे?"

खोटं बोलायचं नव्हतं. तिच्यासमोर एकदा गप्प राहून पाहिलं होतं. मी म्हटलं, "मले वाकावं लागते. कंबर दुखते."

"मंग चार बोटं वर घेऊ?"

मी पट्टीकडे पाहिलं. कुंकू आता तपकिरी झालं आहे.

"नको," मी म्हटलं. "मी एकटा आहो. भरणाऱ्या बाया किती आहेत. तोच सल्ला."

तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. बायकोच्या बोटाच्या ठशाशेजारी मी बरोबरची खूण केली, मास्तर पाटीवर करायचे तशी. मॅडम गेल्यावर लक्षात आलं की दिवाळी होऊन गेली आहे, थंडी पडली आहे, आता चार-पाच महिने कूलरला पाण्याचं काम नाही. तरी मी एक बालदी भरली, वाकलो आणि टाकली. थोडं सांडलं.